टँकर दोनला येतो, गोळी सकाळी घ्यायची आहे

वैशाखातल्या एका दुपारी माझी नात रेवती जेवता जेवता बोलून गेली, "आबा, खेड्यातली माणसं ऐकतच नाहीत. कितीही सांगा, गोळ्या घेत नाहीत, आणि जिवावर बेतलं की मग आमच्याकडे येतात."

रेवती नांदेडलाच डॉक्टरकी शिकते. परीक्षा संपल्या, आता इंटर्नशिप चालू आहे. पोरगी गुणाची आहे, पण हे वाक्य तिचं नव्हतं. वॉर्डातल्या थोरल्यांच्या तोंडून उतरून ते तिच्या तोंडात येऊन बसलं होतं. तिनं वरणभातासोबत ते गिळलंही. माझा घास मात्र अडकला. मी खेड्यातून आलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयानं आणि माझ्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या गिऱ्हाइकांनी शिकवलं. कुणी 'ऐकत नाही' असं म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, बाबा रे, तू सांगितलंस काय आणि त्या माणसाचं ऐकलंस किती?

वाद मात्र घातला नाही. उदगीरच्या आडतीत मुनीम असलेला माझा जिवलग दोस्त बसलिंगअप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची बायको निलावतीवहिनी आता मुलाकडे, शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका गावात राहते. मुलगा मल्लिनाथ शेती करतो. त्याला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती आणि लांबलेलं बारसं मंगळवारी होतं. रेवतीला चार दिवस मोकळे होते. म्हटलं, चल माझ्यासोबत, बारशाचं जेवण जेवू आणि उदगीरचा किल्लाही बघू. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या माणसांना पुन्हा त्याच दवाखान्यात जायचं आहे. माणसांची नावंही बदलली आहेत.

रविवार. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी आधी रस्ता सांगतो. नांदेडहून लातूरची एसटी धरायची, लोहा आणि अहमदपूर मागे टाकून शिरूर ताजबंदला उतरायचं. तिथून उदगीरचा फाटा. हे शिरूर वेगळं आणि शिरूर अनंतपाळ वेगळं, तिकीट काढताना पूर्ण नाव सांगा. माझं अर्धं तिकीट, रेवतीचं पूर्ण. सकाळी सातची गाडी धरली तर ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता मागे पडतो. अहमदपूरला स्टँडाबाहेर गरम सुशीला खाल्ला. मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला हा नाष्टा आमच्याकडचा, वर शेव आणि सोबत तळलेली मिरची. पोट भरतं आणि तहान कमी लागते, आणि त्या वर्षी हे दुसरं जास्त मोलाचं होतं.

कारण हा तोच उन्हाळा, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. जनावरं छावणीत होती आणि माणसं टँकरच्या वाटेवर. रस्त्यावर सगळ्यात जास्त कोण भेटलं म्हणाल तर रिकाम्या घागरी.

उदगीरला स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ आणि भाडंही बेताचं होतं, पण दारामागे पाटी होती, 'एका खोलीस एक बादली'. किल्ला पाहायचा तर पहाटे जा. बुरूज अजून ताठ उभे आहेत, तळघरं थंडगार आहेत, पण विहिरीत डोकावलात तर तळाशी प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसतील. गावात मात्र कोरडं काही नव्हतं, चौकाचौकात फलकांचा पूर आला होता. नवा जिल्हा झालाच पाहिजे, म्हणून. एकेका फलकावर वीस-वीस फोटो, सगळे हात जोडलेले आणि सगळे हसरे.

चहाच्या हॉटेलात त्याच विषयावर जोरात चर्चा होती. एक जण म्हणाला, जिल्हा झाला की कलेक्टर इथं बसणार, कामासाठी लातूरला खेटे मारायला नकोत. कोपऱ्यातले एक टोपीवाले मामू बशीत चहा ओतत म्हणाले, "बसू द्या की. त्याला आंघोळीला पाणी कुठलं देता?"

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी ते हसू मला टोचलं.

सोमवार. उदगीरहून नळेगावची गाडी, पुढे जीप. निघण्याआधी पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन घेतले. दुष्काळात पाहुणे म्हणून जाणार असाल तर साडीचोळी विसरा, पण पाणी न्या. यजमानाच्या घागरीत पाहुण्यानं हात घालू नये.

गावात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मल्लिनाथ रस्त्यावर घ्यायला आला होता. आई कुठं म्हणून विचारलं तर म्हणाला, नंबराला बसलीय. विहिरीपाशी घागरींची लांब रांग होती आणि लिंबाच्या तुटपुंज्या सावलीत बाया बसल्या होत्या. टँकर दोनला येतो, कधी तीनला. येऊन विहिरीत पाणी सोडतो आणि मग झुंबड उडते, म्हणून जागा धरून बसायचं. वहिनींनी मला लांबूनच ओळखलं. पदर सारखा करत उठल्या, दोन पावलं चालल्या आणि मटकन खाली बसल्या.

आम्ही धावलो. रेवतीनं नाडी धरली, पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. चढलेला आकडा पाहून तिचं तोंड उतरलं. ओठ बघितले तर कोरडे ठक्क, जीभ टाळूला चिकटलेली. मी कॅनचं झाकण काढून पेलाभर पाणी वहिनींच्या तोंडाशी धरलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"टँकर येऊ द्या भावजी. मग पिते."

मला वाटलं, पाणी वाचवतायत. म्हटलं, वहिनी, हे आमचं पाणी आहे, उदगीरहून आणलंय, प्या. त्यांनी मान हलवली. मग माझा पारा चढला. चार बायकांसमोर मी त्यांना रागावलो, या वयात हट्ट बरा नव्हे, अप्पा असता तर त्यानं चालवून घेतलं नसतं, असं बरंच काही. वहिनी खाली मान घालून ऐकत राहिल्या. शेजारची एक बाई म्हणाली, दवाखान्यात डॉक्टरबी असंच वरडतंय यांच्यावर. तेव्हाही मला माझी लाज वाटली नाही. उलट वाटलं, बघा, डॉक्टरही तेच म्हणतो.

टँकर आला तेव्हा अडीच वाजत होते. मल्लिनाथनं घागरी भरून घरी आणल्या. वहिनींनी तांब्या-दोन तांब्यात अंग धुतलं, कपाळावर विभूती ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग, लिंगायतांचं रोजच्या पूजेचं लिंग, काढून डाव्या तळहातावर घेतलं. त्यावर पळीभर पाणी सोडलं, बेलाचं वाळकं पान वाहिलं, डोळे मिटले. पूजा झाल्यावर ते तीर्थ घेतलं आणि मग घटाघटा दोन तांबे पाणी प्यायल्या. दिवसभरातला तो त्यांचा पहिला थेंब. वेळ पाहिली, पावणेचार.

रेवती उंबऱ्यात बसून हे सगळं पाहत होती. वहिनी सावरल्यावर ती जवळ सरकली. 'गोळ्या का घेत नाही' हा प्रश्न तिनं विचारलाच नाही. ती म्हणाली, "आजी, सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा ना मला."

वहिनी सांगू लागल्या. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याबिगर तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. आजवर कधी अडला नाही. पण सून बाळंतीण झाली. टँकर एक दिवसाआड. घरात रात्रीचं उरतं ते तिला आणि बाळाला. मग वहिनींनी आपली आंघोळ टँकरवर ढकलली. टँकर आला नाही त्या दिवशी संध्याकाळी कुठून तरी तांब्याभर पाणी मिळवायच्या आणि मग पूजा. दवाखान्यानं बीपीची गोळी दिली ती सकाळची. सकाळ गेली की गोळीही गेली. आता घेतली तर बाधेल, असं समजून त्या घेतच नव्हत्या.

"मग मल्लिनाथकाकाला सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगू कसं? सुनेला बोल लागंल. म्हणतील, हिच्यापायी सासू उपाशी मरून राहिली. तू बी सांगू नगंस." मग म्हणाल्या, "पावसानं दगा दिला, समदं गेलं गं बाई. येवढा नेम तेवढा ऱ्हायला हाय माझा."

मी ओसरीवर बसलो होतो, मला सगळं ऐकू आलं. दुपारी चार बायकांसमोर जे बोललो ते आठवून तोंड लपवावंसं वाटलं. पन्नास वर्षांची ओळख. अप्पाच्या घरी मी शंभरदा जेवलो असेन, वहिनी आंघोळ-पूजेशिवाय चुलीपाशीही जात नाहीत हे मला माहीत होतं. माहीत असून मी हट्ट म्हणालो. त्या डॉक्टरला हे माहीत तरी नव्हतं.

(हे सगळं लिहू का म्हणून वहिनींना फोन करून विचारलं आहे. म्हणाल्या, लिहा, सुनेला आता मीच सांगितलंय.)

मंगळवार. सकाळीच मोठ्या रस्त्यावरच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. वहिनी, मल्लिनाथ, रेवती आणि मी. बाहेर पायऱ्यांवर माणसं, आत माणसं, पंखा बंद. नळाला फडकं बांधलेलं. नर्सबाई घरून पाण्याची कळशी घेऊन येतात, असं कळलं. बाई बिचारी सगळ्यांना 'बसा मावशी, बसा काका' म्हणत होती, तिच्यामुळेच तिथं थोडा ओलावा होता.

डॉक्टर तरुण होते. आमच्याआधीच्या म्हाताऱ्याला मूतखड्याचा त्रास होता. त्याला सांगत होते, रोज चार लिटर पाणी प्यायचं. म्हाताऱ्यानं विचारलं, साहेब, पिण्याचं का वापरायचं धरून? डॉक्टरांनी वर न बघता पुढचा कागद ओढला. ज्या गावाला टँकर एक दिवसाआड येतो, तिथं चार लिटर. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तो म्हातारा हात जोडून बाहेर गेला आणि दारात रेवतीकडे बघून ओशाळं हसला, जणू पाणी नाही हा त्याचाच अपराध.

मग आमचा नंबर. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सुरू झाले. दोन महिने झाले, बीपी जिथल्या तिथं. गोळी घेत नाही ही बाई. आता मी देणार नाही, लातूरला न्या मोठ्या दवाखान्यात. अर्धांगवायू झाल्यावर रडत येऊ नका माझ्याकडे.

वहिनी पदराचं टोक पिळत बसल्या. मी तोंड उघडलं, कारण आता सगळं ओकून टाकायचं माझ्या मनात होतं, सून, बाळ, टँकर, सगळं. टेबलाखालून रेवतीनं माझ्या पायावर पाय दिला. मल्लिनाथ शेजारीच उभा होता, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती स्वतः बोलली, अगदी हळू. सर, यांची आंघोळ आणि पूजा दुपारनंतर होते, तोवर त्या पाणीही घेत नाहीत, तर ही गोळी रात्री जेवल्यावर दिली तर चालेल का?

डॉक्टरांनी तिला विचारलं, तुम्ही कोण. तिनं सांगितलं. ते हसले. म्हणाले, इंटर्न का? एक वर्ष बसा या खुर्चीत, मग शिकवा मला. रोज शंभर माणसं बघतो, एकेकाची पूजाअर्चा विचारत बसू?

"एकेकाची नको सर. यांची विचारा."

त्यांनी कागद पुन्हा समोर ओढला. मग पेन उचललं, कागदावरचा 'सकाळी' खोडला, 'रात्री' लिहिलं, आणि महिन्याच्या गोळ्या दिल्या. जाताना वहिनींना म्हणाले, "आधी सांगायचं ना, आजी." आवाज जरा खाली आला होता, एवढं कबूल करतो.

पण बाहेर येऊन मी लिंबाखाली उभाच राहिलो. एक शब्द खोडायला दोन महिने. पेन त्यांच्याच खिशात होतं. आणि कागदावर काय नोंदलं होतं? 'रुग्ण ऐकत नाही.' लोकहो, माणूस कसा जगतो हे विचारायला कुठलं यंत्र लागत नाही. त्याला नवा जिल्हा लागत नाही. जिल्ह्याच्या फलकावर वीस माणसांना हात जोडून उभं राहायला जागा आहे, आणि दवाखान्यात एका नळाला पाणी नाही. त्या डॉक्टरला एकट्याला मी धारेवर धरत नाही. शंभर माणसांपुढे एक खुर्ची टाकणारे दुसरेच कुणी आहेत, आणि ते फलकावर हसतायत.

रेवती माझ्या रागात सामील झाली नाही. ती म्हणाली, "गोळीचं झालं आबा. पण दुपारपर्यंत पाणी नाही, या उन्हात, त्याचं काय?"

मी म्हणालो, वहिनींना मी समजावतो. देवाला पाणी पिण्याची अडचण नसते वगैरे.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. आणि वहिनींना विचारलं, "आजी, नेमाचं काही अडलं तर तुमच्यात कुणाला विचारतात?"

"स्वामीला," वहिनी म्हणाल्या.

गावातले जंगमस्वामी, म्हणजे लिंगायतांचे गुरू, मठाच्या ओट्यावर पोथीला नवं कापड बांधत बसले होते. सत्तरीचे असतील. मल्लिनाथ बारशाच्या तयारीला घरी गेला होता, त्यामुळे मोकळं बोलता आलं. रेवतीनं वाकून 'शरणार्थ' म्हटलं, जसं वहिनींनी वाटेत शिकवलं होतं, आणि अडचण मांडली. एवढंच म्हणाली, मला यातलं कळत नाही, आजींचा नेम मोडायचा नाही आणि जीवही राखायचा आहे, तुम्ही सांगा.

स्वामींनी कापडाची गाठ मारून पोथी बाजूला ठेवली. वहिनी माझ्याकडे न बघता ओट्याच्या दगडाकडे बघत होत्या. स्वामी 'नाही' म्हणाले असते तर पुढच्या उन्हात त्या मेल्या असत्या आणि एक शब्द बोलल्या नसत्या, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

"पाणी नसंल तर भस्मस्नान हाय की," स्वामी म्हणाले. "सर्वांगाला भस्म लावायचं, लिंगपूजा करायची, वाटीभर तीर्थ. मग पाणी प्यावं, खावं. माझा आजा दुष्काळात हेच करायचा."

वहिनींनी विचारलं, "ही सवलत न्हाई ना, स्वामी? सवलत नगं मला."

"सवलत कशाची? स्नानच हाय ते." मग ते रेवतीकडे वळले. "हिनं मला कवा इचारलं न्हाई. आन् दोन महिनं विहिरीवर बसलेली बघतोय, मी बी हिला इचारलं न्हाई. ते माझं चुकलं."

त्यांनी आतून भस्माचा गोळा आणून वहिनींच्या पदरात घातला.

संध्याकाळी बारसं झालं. शेजारणींनी घरोघरून तांब्या-तांब्या पाणी आणून स्वयंपाक उरकला. धपाटे, शेंगांची चटणी, गुळाची खीर. बाळाचं नाव गौरी ठेवलं. वहिनींनी पाळणा म्हटला, आवाज अजून चांगला आहे.

बुधवार. सूर्य उगवायच्या वेळी वहिनींनी भस्म लावलं, पूजा केली, तीर्थ घेतलं. मग तांब्या उचलला आणि पाणी प्यायल्या.  सकाळचे साडेसहा झाले होते.

परत येताना शिरूर अनंतपाळहून लातूरमार्गे आलो, तिथून नांदेडच्या गाड्या भरपूर आहेत. लातूरच्या रस्त्यांवर शिकवणीवाल्यांचे फलक, त्यावर शेकड्यांनी पोरापोरींचे फोटो, सगळे होणारे डॉक्टर. रेवतीनंही इथंच दोन वर्षं काढली होती. पुढच्या चौकात बाया घागरी घेऊन रांगेत. माझ्या डोक्यात तेच भणभणत होतं. इतके डॉक्टर या मातीतून निघतात, मग त्या शंभर माणसांसमोर एकच खुर्ची का? मी हे मोठ्यानं म्हणालो. गाडीतली माणसं वळून बघू लागली. रेवती खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर प्रवासाचा हिशेब मनात मांडायला बसलो तर किल्ला आठवेना, सुशीला आठवेना. वहिनींसमोर धरलेला तो पेला आठवत राहिला. माझा हात बरोबर होता, पाणीही चांगलं होतं, आणि तरी मी त्यांना त्यांच्याच गावात खाली पाहायला लावलं. चांगल्या मनानं केलेला अपमान अपमानच असतो. राग अजून आहे, पण त्यातला माझा वाटा मला सोडता येत नाही.

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. चक्कर थांबली आहे, नर्सबाईंनी बीपी मोजलं, पुष्कळ खाली आलंय. रेवतीनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. वहिनी म्हणाल्या, स्वामीकडून भस्म न्यायला आता सकाळी गल्लीतल्या आणखी सहा जणी जातात. त्याही तशाच दुपारपर्यंत कोरड्या राहत होत्या. सहाही जणी. एकमेकींच्या शेजारी रांगेत बसून, एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं. त्यातल्या चौघींच्या गोळ्या चालू आहेत, सगळ्या सकाळच्या.

रेवतीनं वही ओढली. म्हणाली, आजी, त्यांची नावं सांगा.

पलीकडे वहिनी घुटमळल्या. "कशाला गं? डॉक्टर परत रागावंल त्यांच्यावर."

"नाही रागावणार," रेवती म्हणाली. "इंटर्नशिप संपली की वर्षभर खेड्यात काम करायचं असतं. मी तुमचाच दवाखाना मागितलाय."